भुयाराच्या फरश्या पुन्हापुन्हा वाकतात: घरी बनवलेल्या पटखेळातील नेहमीच्या बिघाडाचे निवारण

लक्षणे

घरी बनवलेल्या भुयारी पटखेळाची, म्हणजे पुठ्ठ्याच्या सुट्या तुकड्यांवर (यांनाच फरश्या म्हणतात) भुयारातली दालने उभारून त्यांत सोंगट्या चालवण्याच्या खेळाची, तक्रार क्वचितच ‘फरशी वाकली’ या शब्दांत येते. सांगणारा सांगतो की सोंगटी चौकोनात ठेवली की कलंडते, फासा टाकला की अख्खे दालन डुलते, दोन फरश्यांच्या सांध्यात फट पडली आहे, भिंतीतला दरवाजा काल उघडत होता आणि आज चौकटीत अडकतो आहे, किंवा दगडाचा आभास यावा म्हणून लावलेल्या वाळूच्या थराला समांतर भेगा गेल्या आहेत. ही सगळी एकाच बिघाडाची रूपे आहेत. ज्या पुठ्ठ्यावर दालन उभे केले तो पुठ्ठा सपाट राहिलेला नसतो आणि त्याच्यावरचे बाकीचे सारे त्याच्यामागोमाग हलते.

छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर येथील हौशी मंडळींचे असे संच मी वरचेवर दुरुस्त करत आलो आहे. गोंद वाईट निघाला, पुठ्ठा हलका लागला किंवा हात कच्चा पडला असे बहुतेकांना वाटत असते. खरे कारण बहुधा इतकेच असते की फरशीच्या वरच्या अंगाला जे जे केले, ते खालच्या अंगाला केलेले नसते. मात्र हे कारण गृहीत धरून लगेच रंगाचा डबा उघडू नये, कारण त्याआधीच्या काही तपासण्या फुकट आहेत आणि कित्येकदा काम तिथेच संपते.

फरशी नेमकी कशी वाकली आहे हे आधी पाहावे, कारण वाकण्याचा आकारच निम्मे निदान सांगतो. चारही कोपरे वर उचलले गेले असतील आणि मधला भाग टेकला असेल, तर रंगवलेली वरची बाजू आक्रसली आहे. उलट मधला भाग फुगून वर आला असेल आणि कोपरे टेकले असतील, तर वरची बाजू दमट हवेने प्रसरण पावली आहे; खालून रुंद चिकटपट्टी लावलेल्या फरश्यांत पावसाळ्यात हे हमखास दिसते, कारण पट्टीने झाकलेल्या अंगाला हवेतला ओलावा मिळत नाही आणि उघड्या अंगाला मिळतो. समोरासमोरच्या दोनच कडा उचलल्या गेल्या असतील, तर पुठ्ठ्याच्या तंतूंची दिशा तपासावी लागेल. तिरके दोन कोपरे वर आणि उरलेले दोन खाली, असा पीळ पडला असेल, तर दोन थर एकमेकांवर तिरके चिकटले आहेत किंवा फरशी भिंतीला टेकवून वाळवली गेली आहे. थर्माकोलला खड्डे पडून त्याची जाळी झाली असेल, तर तो वेगळाच बिघाड आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

पहिली तपासणी: दोष फरशीचा की टेबलाचा

स्वयंपाकघरातील कडप्प्याचा ओटा किंवा घरातील आरशाची जाड काच यांपैकी जे सपाट असेल त्यावर संशयित फरशी ठेवून चारही कोपरे एकेक करून बोटाने दाबावेत. तिथे ती डुलली नाही, तर फरशी निर्दोष आहे आणि खेळाचे टेबल वाकडे आहे. हा निकाल अपेक्षेपेक्षा जास्त वेळा लागतो. प्लायवूडच्या फळीवर फक्त वरून सनमायका लावून केलेले टेबल काही काळाने मधोमध उठते किंवा बसते, आणि त्याचे कारण आपल्या फरशीच्या कारणाहून निराळे नाही: एका अंगाला थर आहे, दुसऱ्या अंगाला नाही. चांगला सुतार म्हणूनच खालच्या बाजूलाही हलका थर लावण्याचा आग्रह धरतो.

ओट्यावरही फरशी डुललीच, तर ती उलटी करून खालून हात फिरवावा. गोंदाचा वाळलेला थेंब, वाळूचा कण किंवा चिकटपट्टीची दुमडलेली कड एवढ्यानेही फरशी एका कोपऱ्यावर तोलली जाते. असा खडा सँडपेपरने घासून काढला की दुरुस्ती संपली.

त्यानंतर वाकण्याचे माप घ्यावे. त्यासाठी पत्त्यांचा कॅट पुरतो, कारण त्यातील एक पान साधारण ०.३ मिलिमीटर जाडीचे असते. उचललेल्या कडेखाली किती पाने सरकतात ते मोजावे. तीन पानांपर्यंत, म्हणजे सुमारे १ मिलिमीटरपर्यंतची फट सोडून द्यावी. २५ मिलिमीटर बैठकीची सोंगटी एवढ्या उताराने कलंडत नाही आणि अशी फरशी सरळ करायला गेल्यास ती जास्त बिघडण्याचाच संभव असतो. सोंगटी तरीही कलंडत असेल तर तिची बैठक अरुंद किंवा हलकी आहे. बैठकीखाली लोखंडी वॉशर चिकटवावा आणि फरशीचा विचार थांबवावा. माप लिहून ठेवणे मात्र आवश्यक आहे, कारण पुढच्या प्रत्येक उपायानंतर फरक पडला की नाही हे डोळ्याला नीट समजत नाही.

दुसरी तपासणी: हवा, कूलर आणि साठवण

या तपासणीलाही पैसे लागत नाहीत, फक्त एक रात्र लागते. फरशी दुसऱ्या खोलीत, पंख्याच्या व कूलरच्या झोतापासून दूर, कडेवर उभी ठेवावी, म्हणजे दोन्ही अंगांना सारखी हवा लागेल. सकाळी पुन्हा कॅटने माप घ्यावे. वाकणे बरेच कमी झाले असेल, तर फरशी बिघडलेली नाही; ती केवळ हवेला प्रतिसाद देत आहे. काहीच फरक नसेल, तर आक्रसलेला रंग किंवा गोंद तिला कायमचा ओढून धरत आहे. पुढची सगळी मेहनत कोणत्या दिशेला करायची हे या एका रात्रीवर ठरते, म्हणून ती पायरी घाईने ओलांडू नये.

मराठवाड्यात या तपासणीला विशेष महत्त्व आहे. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी असते की पुठ्ठ्यातला ओलावा निघून जातो, आणि त्याच वेळी घरात पाण्याचा कूलर दमट हवेचा झोत टाकत असतो. टेबलावर मांडलेल्या फरशीचे वरचे अंग त्या झोतात असते, तर खालचे अंग टेबलाला चिकटलेले असते. त्यामुळे दुपारच्या डावात मधून फुगलेली फरशी कूलर बंद झाल्यावर रात्री पुन्हा बसते आणि मालकाला वाटते की आपल्यालाच भास झाला. यावरचा उपाय सोपा आहे: कूलरची दिशा बदलावी किंवा खेळ दुसऱ्या भिंतीकडे हलवावा. खेळ संपल्यावर फरश्या टेबलावर तशाच ठेवून कूलर रात्रभर चालू ठेवण्याची सवय मात्र मोडावी.

साठवणीविषयी मत ठाम आहे: फरश्या आडव्या, एकावर एक, सारख्या आकाराच्या गठ्ठ्यात, वर थोडे वजन देऊन ठेवाव्यात. पुस्तकांप्रमाणे कपाटात उभ्या ठेवलेल्या फरश्या स्वतःच्या भाराने हळूहळू झुकतात. पत्र्याच्या छपराखालची माळ्याची जागा सर्वांत वाईट, कारण तिथे दिवसा ताप आणि रात्री गारवा यांत फार मोठे अंतर पडते. ज्यांचे घर अजून माळवदाचे आहे त्यांना हा त्रास कमी होतो. मातीचा जाड थर उष्णता सावकाश आत सोडतो आणि खोलीतली हवा एकाएकी बदलत नाही. नुकत्या रंगवलेल्या फरश्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नयेत, कारण पुठ्ठ्यात उरलेले पाणी बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि पावसाळ्यात आत बुरशी धरते. पूर्ण वाळल्यावर झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवणे योग्य.

तिसरी तपासणी: तंतूंची दिशा

समोरासमोरच्या दोन कडा उचलणाऱ्या फरशीसाठी ही तपासणी आहे. कागद आणि पुठ्ठा यंत्रावर तयार होतो तेव्हा त्यातील बहुतेक तंतू कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेने आडवे होतात. ओलावा मिळाल्यावर तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र चांगलाच फुगतो. परिणामी पुठ्ठा तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने आक्रसतो. एकाच अंगाला गोंद लावला की वाकणे त्या आडव्या दिशेने होते, तंतूंच्या दिशेची रेषा मात्र सरळ राहते.

दिशा ओळखण्यासाठी उरलेल्या पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा घेऊन तो आधी एका बाजूने व नंतर दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या वाकण्याच्या रेषेला समांतर तंतू आहेत. हाताला फरक जाणवला नाही, तर त्याच पुठ्ठ्याचा वरचा पातळ पापुद्रा सोलून एका अंगाने ओला करावा. तो गुंडाळला जाताना जी दिशा सरळ राहते, ती तंतूंची. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याला ही कसोटी लागतच नाही, कारण त्याच्या नळ्या डोळ्यांना दिसतात. तो पुठ्ठा भिंतींना चालतो, फरशीला चालत नाही, कारण दाबल्यावर नळ्या बसतात आणि त्या पुन्हा उठत नाहीत.

दिशेचे महत्त्व लांब अरुंद पट्ट्यांत सर्वाधिक जाणवते. आमच्याकडे भुयार म्हटले की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर देवगिरीच्या किल्ल्यातील अंधारी येते: खंदक ओलांडल्यावर बालेकिल्ल्याकडे चढणारी, खडकात कोरलेली, वळणावळणाची काळोखी वाट. वरच्या तोंडाशी आग पेटवून ती वाट धुराने कोंडण्याची सोय होती असे सांगतात, आणि खेळाच्या नियमासाठी याहून चांगले खाद्य मिळणे कठीण. साहजिकच तशी वाट अनेकजण बनवतात, दोन चौकोन रुंद आणि बारा चौकोन लांब, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर. ही पट्टी कापताना तंतू लांबीला समांतर ठेवले, तर वाकणे ५ सेंटिमीटरच्या रुंदीत होते आणि लक्षातही येत नाही. तंतू आडवे पडले, तर ३० सेंटिमीटरची अख्खी पट्टी कमान होऊन उठते.

यामागे साधे गणित आहे. गोलाई तीच राहिली तर मधला उठाव लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; लांबी दुप्पट झाली की उठाव चौपट होतो. तीन इंची फरशीत अर्धा मिलिमीटर असलेला दोष सहा इंची फरशीत २ मिलिमीटरचा होतो. याच गणितातून सर्वांत स्वस्त दुरुस्ती निघते: वाकलेली मोठी फरशी कटरने मधोमध कापावी. सहा इंची चौकोनाचे तीन इंची चार तुकडे केले की प्रत्येकाचा उठाव आधीच्या एक चतुर्थांश राहतो. अंधारीची पट्टी कापायची असल्यास दरवाजाच्या उंबऱ्याखाली कापावी, म्हणजे सांधा दिसत नाही. सुबक मोठी फरशी कापायला जीव होत नाही हे खरे, पण दालनांची मांडणी दर डावाला बदलता येणे हा लहान फरश्यांचा लाभ त्या हळहळीपेक्षा मोठा आहे.

चौथी तपासणी: खालचे अंग

फरशी उलटी करून पाहावी. खालून कोरा, करडा पुठ्ठा दिसत असेल आणि वरून गोंद, वाळू, रंगाचे दोन-तीन हात व वार्निश असेल, तर निदान पूर्ण झाले. पाण्यात मिसळलेला पांढरा गोंद, ज्याला सगळे सरसकट फेविकॉल म्हणतात, तसेच अ‍ॅक्रिलिक रंग हे दोन्ही वाळताना आक्रसतात आणि ज्या अंगाला लागले आहेत त्या अंगाकडे पुठ्ठ्याला ओढतात. थर जितका जाड आणि पाणी जितके जास्त, तितकी ओढ मोठी. एका अंगाला ओढ आहे आणि दुसऱ्या अंगाला तिला तोलणारे काहीच नाही, म्हणून कोपरे उठतात. वाळवण्याची पद्धत यात भर घालते: उन्हात घातलेला पापड ज्या कारणाने कडेने वळतो, त्याच कारणाने गच्चीवर वाळवलेली फरशी वळते, कारण वरचे अंग काही मिनिटांत सुकते आणि खालचे ओलेच राहते.

आधीच वाकलेली फरशी वाचवायची झाल्यास वरच्या, म्हणजे खोलगट झालेल्या अंगाला काहीही करू नये. खालच्या, बाहेरून फुगलेल्या अंगाला समान पाणी घातलेल्या गोंदाचा एक पातळ हात ब्रशने सगळीकडे सारखा द्यावा. यानंतर पहिली काही मिनिटे फरशी आणखी वाकते आणि करणारा घाबरतो. हे अपेक्षितच आहे: ओले झालेले अंग आधी फुगते, मग वाळताना आक्रसते, आणि आपल्याला हवी असलेली ओढ त्या दुसऱ्या टप्प्यात मिळते. फरशी तारेच्या जाळीवर ठेवावी, पंखा बंद ठेवावा, हाताला ओल लागेनाशी झाली की वर-खाली बटर पेपर घालून दोन सपाट फळ्यांमध्ये दाबावी आणि वर धान्याचा भरलेला डबा ठेवावा. बटर पेपरऐवजी वर्तमानपत्र वापरू नये, कारण ते अर्धवट वाळलेल्या गोंदाला चिकटते. निदान पूर्ण एक दिवस वजन काढू नये. फरशीवर उभ्या भिंती असतील तर वजन सरळ ठेवता येत नाही. अशा वेळी भिंतींच्या आतल्या मोकळ्या जागेत बसेल एवढा लाकडी ठोकळा ठेवून त्यावर वजन द्यावे.

एका हाताने काम भागले नाही तर दुसरा हात द्यावा. तरीही फरशी हटली नाही, तर शाळेच्या वह्यांना घालतात तो खाकी कागद त्याच गोंदाने खालून चिकटवावा, त्याचे तंतू पुठ्ठ्याच्या तंतूंच्या दिशेनेच येतील असे पाहावे आणि पुन्हा वजन द्यावे. पुस्तकबांधणी करणारे हीच युक्ती वापरतात: पुठ्ठ्याला बाहेरून कापड चढवले की ते पुठ्ठा बाहेर ओढते, म्हणून आतून कागद चिकटवून ती ओढ परत फेडतात. दुरुस्तीत घरगुती खळ मात्र वापरू नये. खळीत पाणी फार असते आणि कसर तिच्यावर तुटून पडते. कसर लागू नये म्हणून बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, पण मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाताळण्यातल्या वस्तूत ते अजिबात नको.

नवी फरशी करताना हा सारा खटाटोप टाळता येतो. पुठ्ठा कापल्यावर लगेच, वर काहीही चिकटवण्याआधी, दोन्ही अंगांना आणि विशेषतः चारही कापलेल्या कडांना पातळ गोंदाचा हात द्यावा. कडा उघड्या राहिल्या तर ओलावा तिथूनच आत शिरतो. पुठ्ठा वाळल्यावर मग वाळूचा थर चढवावा. देवगिरी काय किंवा वेरूळ काय, आपल्याकडचा खडक काळा बसाल्ट आहे, आणि त्याचा खडबडीतपणा आणण्यासाठी बारीक चाळलेली वाळू, गोंद आणि थोडा काळा रंग एवढे मिश्रण पुरते. त्यात पाणी घालू नये. रंग मिश्रणातच असल्याने वरून रंगाचा एक ओला हात वाचतो, आणि वाचलेला प्रत्येक ओला हात म्हणजे तेवढी कमी ओढ. नंतर जवळजवळ कोरड्या ब्रशने करडा रंग उंचवट्यांवरून फिरवला की दगड उठून दिसतो. वरून वार्निश लावायचे ठरले तर खालूनही लावावे. खालची बाजू कोण पाहणार, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पाहणारा कोणी नसला तरी ती बाजू हवेत असते.

थर्माकोल आणि सनबोर्ड

या दोन्हींना ओलाव्याचा त्रास जवळपास नाही, म्हणून वरची कारणे त्यांना लागू पडत नाहीत. राज्याच्या २०१८ सालच्या प्लास्टिकबंदीत सजावटीच्या थर्माकोलचाही समावेश झाल्यापासून बहुतेकजण टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातून निघालेला थर्माकोल वापरतात. त्याचा खरा शत्रू द्रावक आहे. स्प्रे रंगातील टोल्युइन, अ‍ॅसिटोन यांसारखी द्रावके पॉलिस्टायरीन विरघळवतात. रबरी चिकटद्रव्यातील द्रावकही तेच करते. खड्डे पडलेला भाग भरून निघत नाही. तो कोसळलेली भिंत म्हणून खेळात ठेवता येतो, अन्यथा कापून नवा बसवावा लागतो. पुढच्या वेळी थर्माकोलच्या प्रत्येक उघड्या अंगाला आधी गोंद आणि काळा अ‍ॅक्रिलिक रंग यांचे दोन हात द्यावेत आणि स्प्रे वापरायचाच असेल तर तो आधी तुकड्यावर मारून पाहावा.

सनबोर्ड, म्हणजे फ्लेक्सच्या दुकानात मिळणारा पांढरा पीव्हीसी फोमचा तक्ता, फरशीला उत्तम. ३ किंवा ५ मिलिमीटर जाडीचा घ्यावा. तो ओलाव्याने वाकत नाही, पण पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होते आणि भाराखाली त्याआधीच झुकू लागते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा पत्र्याला टेकवून ठेवलेला सनबोर्ड म्हणूनच वाकतो. अशी फरशी सपाट काचेवर ठेवून केस वाळवण्याच्या यंत्राने दुरून, सावकाश तापवावी आणि गार होईपर्यंत वजनाखाली दाबून ठेवावी. तिच्यावर थर्माकोलच्या भिंती चिकटवलेल्या असतील तर हा उपाय करू नये, कारण उष्णतेने थर्माकोलही बसू शकतो.

पाचवी पायरी: तळ नव्याने बांधणे

चारही तपासण्या झाल्या, दोनदा उपाय झाला, आणि तरीही कॅटमधली सहा-सात पाने कडेखाली सरकत असतील, तर त्या तळाचा नाद सोडावा. पुठ्ठ्याचे थर सुटून कडेला पापुद्रे उघडे पडले असतील तर उपाय करून पाहण्याचीही गरज नाही. वरचे दालन पातळ पात्याने उचलून नव्या तळावर बसवणे हे कष्टाचे काम आहे, पण ते एकदाच करावे लागते.

नवा तळ २ मिलिमीटरच्या ग्रे बोर्डचे (घट्ट करड्या पुठ्ठ्याचे) तीन थर एकमेकांवर चिकटवून करावा, वरच्या आणि खालच्या थरांचे तंतू एकाच दिशेने ठेवावेत आणि मधल्या थराचे त्यांच्याशी काटकोनात, कारण दोनच थर काटकोनात चिकटवले तर तळ स्वतःच वाकतो. त्यामुळे एक थर ज्या दिशेने पसरू पाहतो त्या दिशेने दुसरा त्याला अडवतो. प्लायवूडची ताकदही याच रचनेतून येते. काटकोन मात्र गुण्या लावून नेमका साधावा, कारण थर तिरके बसले की सुरुवातीला सांगितलेला पीळ पडतो, आणि पीळ काढता येत नाही. गोंद पाणी न घालता, प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने ओढून अगदी पातळ लावावा. याला पर्याय ३ मिलिमीटर एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या तक्त्याचा. तो सपाट राहतो, पण त्याच्या कडांनी पाणी शोषले की त्या फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत, म्हणून कडांना आधी गोंदाचा हात आवश्यक.

बऱ्याच फरश्या बदलायच्या असतील तर हाताने कापत बसू नये. लातूरसारख्या शिकवणी वर्गांच्या शहरात झेरॉक्स आणि बाइंडिंगची दुकाने भरपूर आहेत. तिथल्या मोठ्या कात्रीयंत्रावर सगळे तुकडे एका मापाचे निघतात, आणि जुना बांधणीवाला असेल तर त्याच्याकडे दाबयंत्रही असते. त्याला पुठ्ठा देताना तंतूंची दिशा पेन्सिलीने बाण काढून दाखवावी. लेझरने कापून घ्यायचे तर एमडीएफ द्यावा. सनबोर्ड लेझरखाली कधीही देऊ नये, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. तो माणसाच्या फुप्फुसांना अपाय करतो आणि यंत्रही गंजवतो. दुकानदार तयार असला तरी आपण नाही म्हणावे.

कुठे थांबावे

फरश्या ठेवलेल्या कपाटाच्या मागची भिंत ओलसर लागत असेल, तिचा रंग पोपडून निघत असेल, तर फरश्यांवरचा कोणताही उपाय टिकणार नाही. ते काम गवंड्याचे किंवा नळकाम करणाऱ्याचे आहे आणि ते आधी व्हायला हवे. पुठ्ठ्यात मातीचे बारीक बोगदे दिसले तर ती वाळवी समजावी. संच घरातील पुस्तकांपासून त्वरित दूर न्यावा आणि कीडनियंत्रण करणाऱ्याला बोलवावे, कारण वाळवीचे मूळ पुठ्ठ्यात नसून भिंतीत किंवा जमिनीत असते. टेबलच वाकलेले निघाले तर सुताराकडून खालचा थर लावून घ्यावा. मशालींसाठी दिवे लावायचे असल्यास ते बॅटरीच्या सेलवर चालणारेच घ्यावेत. कोणी घरातील वीजजोडणीवरून थेट तार ओढली असेल, तर दुरुस्तीला हात न लावता मुख्य बटण बंद करून वायरमनला बोलवावे. पुठ्ठा आणि थर्माकोल दोन्ही झटकन पेट घेतात. तापलेल्या तारेने थर्माकोल कापताना किंवा स्प्रे मारताना डोके जड झाले, मळमळले, तर काम तिथेच थांबवून मोकळ्या हवेत जावे, आणि थोड्या वेळात बरे वाटले नाही तर डॉक्टरांकडे जावे.

शेवटचा मुद्दा चुंबकांचा. फरश्या एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून अनेकजण कडेत छोटे निओडिमियम चुंबक, म्हणजे आकाराच्या मानाने फार जोरकस चुंबक, बसवतात. वाकलेली फरशी ते काही काळ सपाट असल्यासारखी धरून ठेवतात, त्यामुळे तपासणीच्या वेळी फरशी शेजारणीपासून सुटी करूनच माप घ्यावे. वाकणाऱ्या फरशीतून चुंबक हळूहळू सैल होतात आणि एक दिवस निसटतात. डावानंतर चुंबक मोजावेत, एखादा कमी भरला तर तो सापडेपर्यंत लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये, आणि घरात रांगते मूल असेल तर चुंबक मुळीच वापरू नयेत. मुलाने एकाहून अधिक चुंबक गिळल्याचा नुसता संशय असला तरी घरगुती उपाय न करता, उलटी काढण्याचा प्रयत्न न करता, तडक रुग्णालय गाठावे. आतड्याच्या दोन वेटोळ्यांत अडकलेले चुंबक एकमेकांना ओढून मधली भिंत दाबतात आणि तिला भोक पाडू शकतात. मूल सुरुवातीला हसते-खेळते दिसते म्हणून थांबू नये. जाताना त्याच संचातील एक चुंबक मुलापासून दूर, डबीत घालून सोबत न्यावा आणि किती कमी भरले ते डॉक्टरांना सांगावे.